नोकरी सांभाळून डिझाइनचे शिक्षण

डिझाइनची कामे करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण डिझाइन शिकून त्या कामात आलेले नसतात. छापखान्यात डीटीपी करता करता कोणी पुस्तकांची मुखपृष्ठे करू लागतो. संगणक अभियंत्याकडे ॲपचे पडदे आखण्याचे काम येते आणि तेच आवडू लागते. कलाशिक्षक पदविका घेतलेली शिक्षिका शाळा सांभाळून प्रकाशकांसाठी चित्रे काढते. काही वर्षे हात चालतो, कामे मिळत राहतात आणि मग प्रगती थांबते. सफाई असते, पण अमुक रंग, अमुक मांडणी का घेतली हे सांगता येत नाही. दिलेले काम नीट होते, पण काम काय असावे हे ठरवणाऱ्या बैठकीचे बोलावणे येत नाही. घराचे हप्ते, मुलांच्या शाळा आणि हातातली कामे सोडून दोन-चार वर्षे कॉलेजात जाणे अशा वेळी बहुतेकांना परवडत नाही. म्हणून संध्याकाळचा वर्ग, शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम, दूरशिक्षण किंवा ऑनलाइन प्रशिक्षण यांचा विचार सुरू होतो.

असे शिक्षण म्हणजे पूर्णवेळ शिक्षणाची पातळ आवृत्ती, हा समज सर्रास आढळतो. डिझाइनशिक्षणाचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. हे शिक्षण मुळात काम करणाऱ्यांसाठीच उभे राहिले. ब्रिटिश सरकारने १८३७ मध्ये लंडनला सॉमरसेट हाउसमध्ये स्कूल ऑफ डिझाइन काढले, ते कारखान्यांतल्या मालाचा दर्जा सुधारावा म्हणून, आणि दिवसभर राबणाऱ्या कारागिरांना येता यावे यासाठी तिथे संध्याकाळचे वर्गही होते. न्यूयॉर्कमध्ये पीटर कूपर यांनी १८५९ साली स्थापन केलेल्या कूपर युनियनमध्ये कामगारांसाठी रात्रीचे वर्ग विनाशुल्क चालत.

यांतले सर्वांत बोलके उदाहरण लंडनच्याच सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्सचे आहे. १८९६ मध्ये सुरू झालेल्या या शाळेत प्रवेश मुख्यतः प्रत्यक्ष व्यवसायात असलेल्यांना मिळे. धंद्यात नसलेल्या हौशी विद्यार्थ्यांना तिथे दुय्यम स्थान होते. शाळा चालवणाऱ्या विल्यम लेथबी यांनी १८९९ मध्ये एडवर्ड जॉन्स्टन यांच्याकडे अक्षरलेखनाचा वर्ग सोपवला. जॉन्स्टन स्वतः जुनी हस्तलिखिते अभ्यासून रुंद टोकाच्या लेखणीचे तंत्र नव्याने बसवत होते, म्हणजे शिक्षक शोध घेता घेता शिकवत होता. त्या वर्गात येणाऱ्यांत एरिक गिल हा तरुण होता. दिवसा तो एका वास्तुविशारदाच्या कचेरीत उमेदवारी करी. संध्याकाळी तो इथे अक्षरे शिकत असे आणि दुसऱ्या एका संस्थेत दगडकाम. पुढे त्याने कचेरी सोडली आणि दगडात अक्षरे कोरणे हाच व्यवसाय केला. जॉन्स्टन यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी केलेली अक्षरमाला १९१६ मध्ये वापरात आली, आणि गिल यांचा ‘गिल सॅन्स’ हा टाइप १९२८ मध्ये बाजारात आला. विसाव्या शतकातल्या इंग्रजी मुद्रणावर आणि पाट्यांवर ठसा उमटवणारी ही दोन्ही कामे एका संध्याकाळच्या वर्गाशी जोडलेली आहेत.

अमेरिकेतही हेच दिसते. पॉल रँड शाळेत असतानाच प्रॅट इन्स्टिट्यूटच्या रात्रीच्या वर्गांना जात असे. ‘हार्पर्स बझार’ मासिकाचे कला-दिग्दर्शक अलेक्सी ब्रोडोविच यांनी नोकरी सांभाळून चालवलेली ‘डिझाइन लॅबोरेटरी’ ही तर प्रामुख्याने व्यवसायातल्या लोकांची कार्यशाळा होती. ते नेमका विषय देत आणि पुढच्या भेटीत आलेल्या कामांची कठोर तपासणी करत. रिचर्ड ॲव्हेडनसारखे छायाचित्रकार त्यातून तयार झाले. सॉल बास यांची गोष्ट या लेखाच्या विषयाला सर्वांत जवळची आहे. न्यूयॉर्कमध्ये चित्रपटांच्या जाहिराती करत असताना त्यांनी १९४४-४५ च्या सुमारास ब्रुकलिन कॉलेजात ग्योर्गी केपेश यांचे रात्रीचे वर्ग केले. केपेश हे बाउहाउस या जर्मन डिझाइनशाळेच्या परंपरेतले शिक्षक. त्यांचे ‘लँग्वेज ऑफ व्हिजन’ हे पुस्तक १९४४ मध्येच आले होते. बास यांना जाहिरातीची कारागिरी येत होती. आकार, अवकाश आणि गती यांचा पद्धतशीर विचार त्यांना केपेश यांच्याकडे मिळाला. दहा वर्षांनी, १९५५ मध्ये, ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या चित्रपटाची कापलेल्या कागदासारख्या पट्ट्यांची शीर्षके आली, आणि श्रेयनामावली हा स्वतंत्र डिझाइनचा प्रकार ठरला.

मुंबईत १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले, तेव्हाही उद्देशात कारागीर होताच. १८९१ मध्ये तिथे लॉर्ड रे यांच्या नावाच्या कार्यशाळा निघाल्या आणि धातुकाम, कुंभारकाम, लाकडावरचे कोरीवकाम असे धंदे शिकवले जाऊ लागले. १९३० च्या दशकात व्यावसायिक कलेचा विभाग आला आणि त्याचीच पुढे उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. २०२३ मध्ये कला, उपयोजित कला आणि वास्तुकला या तिन्ही जे. जे. महाविद्यालयांचे मिळून अभिमत विद्यापीठ बनले. स्वातंत्र्यानंतर मात्र भारतीय डिझाइनशिक्षणाने वेगळे वळण घेतले. अमेरिकी डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांच्या १९५८ च्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये औद्योगिक डिझाइन केंद्र, म्हणजे आयडीसी, सुरू झाली. दोन्ही संस्था उत्कृष्ट, दोन्ही निवासी आणि पूर्णवेळ. निवडक विद्यार्थ्यांना सखोल शिक्षण द्यायचे या धोरणाचा देशाला फायदा झाला, पण काम करणाऱ्या माणसासाठीचे दार त्यात अरुंद झाले.

ती उणीव महाराष्ट्रात जाहिरात संस्था आणि वृत्तपत्रांचे कलाविभाग यांनी भरून काढली. कमल शेडगे यांनी कलेचे औपचारिक शिक्षण न घेता ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कलाविभागात अक्षरांकनाची तालीम घेतली आणि मराठी नाटकांची शीर्षके दूरवरून ओळखू यावीत अशी घडवली. र. कृ. जोशी जे. जे. मधून बाहेर पडून उल्का या जाहिरात संस्थेत अनेक वर्षे होते. ते पुढे आयडीसीत शिकवू लागले आणि विंडोजमध्ये आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांच्या हातून झाला. त्या काळच्या स्टुडिओत वरिष्ठ कलावंत शेजारी बसलेला असे आणि चुकलेला लेआउट पुन्हा करून घेई. आज पाच-सहा जणांचे स्टुडिओ, घरून काम आणि दोन दिवसांत मागितलेली कामे यांमुळे ती उमेदवारी आटली आहे. त्यामुळे नोकरी सांभाळून शिकण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

अशा शिक्षणातून नेमके काय मिळते, हा या लेखाचा गाभा. सॉफ्टवेअर तर मिळतेच, पण त्याचे आयुष्य कमी असते. पेजमेकर १९८५ मध्ये आला, १९९९ मध्ये इनडिझाइन आले, आणि पेजमेकरवर वाकबगार झालेल्या शेकडो ऑपरेटरांना पुन्हा शिकावे लागले. ॲनिमेशन आणि वेबसाइट करणाऱ्या एका पिढीचे कौशल्य फ्लॅशवर उभे होते. २०२० अखेर ॲडोबीने फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा थांबवला. शब्दांतून चित्र करून देणारी साधने २०२२ पासून सर्वांच्या हाती आल्यावर तर नुसत्या साधनकौशल्याचा भाव आणखी उतरला. गल्लोगल्लीच्या क्लासांत सहा महिन्यांत पाच सॉफ्टवेअर शिकवली जातात. नोकरीत शिरण्यापुरता त्यांचा उपयोग नाकारता येत नाही. थांबलेली कारकीर्द पुढे नेण्याचे बळ मात्र त्यांत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे, कारण तिथे भरलेले शुल्क बहुधा कष्टाच्या बचतीतले असते.

टिकाऊ लाभ तीन ठिकाणी होतो. पहिला पायाभूत अभ्यासातून. रेषा, आकार, रंग, अक्षर, ग्रिड, प्रमाण यांचे सराव कामाच्या घाईत कधीच होत नाहीत. दुसरा संशोधनाच्या सवयीतून. काम हाती आले की पडदा उघडण्याऐवजी वापरणाऱ्याकडे जाणे, त्याचे निरीक्षण करणे, दहा कच्चे पर्याय कागदावर काढणे आणि त्यांतले आठ टाकून देणे हे शिकावे लागते. तिसरा आणि सर्वांत मोठा लाभ क्रिटमधून. विद्यार्थी भिंतीवर काम लावतो, शिक्षक आणि सहाध्यायी ते तपासतात, आणि प्रत्येक निर्णयामागचे कारण विचारले जाते. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या पुस्तकात वास्तुरचनेच्या स्टुडिओतला असाच संवाद बारकाईने नोंदवला. शिक्षक बोलता बोलता रेखाटतो, रेखाटनातून प्रश्न बदलतो, आणि काम करत असतानाच विचार कसा होतो हे विद्यार्थ्याला दिसते. नोकरी करणाऱ्याला क्रिटचा लाभ विशेष होतो, कारण त्याच्याकडे विचार करण्यासारखा अनुभवाचा साठा आधीच असतो. ब्लीड, म्हणजे कापण्यासाठीची जादा कड, न सोडल्यामुळे छपाई फुकट गेलेली असते, ग्राहकाने शेवटच्या क्षणी मजकूर दुप्पट केलेला असतो. सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला तत्त्व आधी आणि प्रसंग नंतर भेटतो. इथे प्रसंग आधी घडून गेलेला असतो, म्हणून तत्त्व लगेच रुजते.

उणीव वेळेची, आणि ती हिशेबाने पाहिलेली बरी. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे १२०० तास अध्ययन म्हणजे ४० क्रेडिट धरले आहेत. त्या मापाने दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास २४०० तासांचा होतो. नोकरी करणाऱ्याने आठवड्याला १२ तास काढले, म्हणजे वर्गाचे ४ ते ६ आणि उरलेले घरी, तर सणवार आणि आजारपणे सोडून ४५ आठवड्यांत ५४० तास होतात, आणि तोच अभ्यास पुरा व्हायला जवळजवळ साडेचार वर्षे लागतात. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पदवी १८० क्रेडिटची, एका क्रेडिटला १० तास धरून १८०० तासांची असते. ती दोन वर्षांत अर्धवेळ करायची तर याच ४५ आठवड्यांच्या हिशेबाने आठवड्याला २० तास लागतात. रोज तीन तास प्रवास करणाऱ्या बदलापूर किंवा विरारच्या माणसाला हे कसे जमावे, याचा विचार प्रवेशाआधीच व्हायला हवा. शिवाय हे तास सलग मिळण्याला महत्त्व आहे. वाचन पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत होते. रेखाटन, अक्षररचना, नमुना बांधणे यांना निदान दोन-तीन तासांची बैठक लागते. शनिवारची अख्खी सकाळ मोकळी ठेवू शकणारा विद्यार्थी रोज अर्धा तास काढणाऱ्यापेक्षा पुढे जातो.

सध्या उपलब्ध असलेले मार्ग एकसारखे नाहीत. संध्याकाळच्या किंवा सुट्टीच्या दिवशीच्या प्रत्यक्ष वर्गात क्रिट सर्वांत चांगली होते. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, कंटिन्युइंग एज्युकेशनचे अभ्यासक्रम चालवते. ते बहुधा संध्याकाळी किंवा आठवडाअखेर असतात आणि वस्त्र, मर्चंडायझिंग अशा क्षेत्रांतल्यांना उपयोगी पडतात. न्यूयॉर्कला कूपर युनियनमध्ये २०१० पासून चालणारा टाइप डिझाइनचा अभ्यासक्रम यातला आदर्श म्हणावा असा आहे. त्याचा एक प्रकार उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांचा आणि पूर्णवेळ आहे. दुसरा नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी, अनेक महिने चालतो. विद्यार्थ्याने शेवटी स्वतःची अक्षरमाला पुरी करायची असते. एकच विषय, व्यवसायातले शिक्षक आणि पुरे करावेच लागणारे एक मोठे काम यांमुळे थोड्या तासांतही खोली येते.

दूरशिक्षणाने डिझाइन शिकवता येते का, या शंकेला ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने फार पूर्वी उत्तर दिले. १९७५ मध्ये तिथे ‘मॅन-मेड फ्यूचर्स’ हा डिझाइनविषयक अभ्यासक्रम सुरू झाला. नायजेल क्रॉस हे त्याच गटातले. डिझाइन करणाऱ्यांची विचार करण्याची स्वतःची पद्धत असते आणि ती विज्ञान व मानव्यविद्या यांच्याइतकीच शिक्षणात मानाची आहे, ही मांडणी त्यांनी १९८२ मध्ये केली. घरी बसून शिकणाऱ्या सर्वसामान्य प्रौढांना डिझाइन कसे शिकवायचे, या प्रश्नाशी झगडणाऱ्या विभागातून हा विचार यावा, याला अर्थ आहे. २०१० मध्ये आलेल्या ओपन युनिव्हर्सिटीच्या ‘डिझाइन थिंकिंग’ अभ्यासक्रमात ऑनलाइन स्टुडिओ होता. प्रत्येकाने चाचपडतानाची कामेसुद्धा त्यावर लावायची आणि इतरांनी त्यावर बोलायचे. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि नोकरदारांपर्यंत पोहोचण्याचा त्याचा अनुभव मोठा आहे. मराठीतून शिकवणारा असा डिझाइन स्टुडिओ उभारायला त्याच्याइतकी योग्य जागा सापडणे कठीण.

ऑनलाइन प्रमाणपत्रांचा पसारा आता सर्वांत मोठा आहे. कोर्सेरावरचे गुगलचे यूएक्स डिझाइन प्रमाणपत्र २०२१ मध्ये आले. ते स्वस्त आहे, आपल्या गतीने करता येते आणि शेवटी तीन प्रकल्पांचा पोर्टफोलिओ हाती येतो. अडचण अशी की जगभरचे विद्यार्थी ठरावीक साच्यातले प्रकल्प करतात आणि तपासणी बहुतेक सहाध्यायीच करतात. नोकरी देणाऱ्यासमोर मग एकसारखे पोर्टफोलिओ येतात. त्याच शिकवणीतून आपल्या आजूबाजूचा प्रश्न घेणाऱ्याचे काम वेगळे दिसते, मग तो सहकारी बँकेच्या पैसे भरण्याच्या चिठ्ठीचा असो, एसटी स्थानकावरच्या फलकाचा असो किंवा बाजार समितीतल्या पावतीचा असो. आयडीसीच्या पुढाकाराने तयार झालेला ‘डी-सोर्स’ हा मोफत संग्रह आणि स्वयम्-एनपीटीईएलवरील डिझाइनचे अभ्यासक्रम हा भारतीय विद्यार्थ्याला फुकट मिळालेला ठेवा आहे. त्यात भारतीय हस्तकला, लिपी आणि वस्तू यांची नोंद आहे, जी परदेशी अभ्यासक्रमांत मिळत नाही. क्रिट मात्र तिथे मिळत नाही. ती स्वतः जमवावी लागते: समव्यवसायी चार-पाच जणांचा गट आणि महिन्यातून एकदा एखाद्या अनुभवी डिझायनरसमोर काम ठेवणे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक क्षेत्र विशेष निकडीचे आहे, ते देवनागरी मुद्राक्षररचनेचे. डिझाइनची पाठ्यपुस्तके आणि सॉफ्टवेअरच्या ठरावीक मांडण्या रोमन लिपीवर बेतलेल्या आहेत. इनडिझाइनमध्ये ओळींतले अंतर आपोआप अक्षराच्या १२० टक्के घेतले जाते. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार येतात. तेवढ्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. भारतीय लिपीसाठीचा कंपोझर निवडला नाही, तर ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते आणि जोडाक्षरे तुटतात. आचार्यास आणि आचाऱ्यास यांतला र वेगळा लिहिला नाही, तर अर्थ बदलतो. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत, आणि फाँटमध्ये ती निवडावी लागतात. त्यात श्रीलिपी, आकृती अशा जुन्या प्रणालींतला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम प्रकाशकांकडे वर्षानुवर्षे पडून आहे. हे प्रश्न ज्यांच्या हाताखालून रोज जातात ते डीटीपी करणारे आहेत, आणि त्यांना हे शिकवणारा वर्ग जवळजवळ कुठेच नाही. अच्युत पालव यांच्या सुलेखन शाळेसारख्या उपक्रमांनी हाताच्या अक्षराकडे पुन्हा लक्ष वेधले, आयडीसीच्या टायपोग्राफी डे या परिषदेने २००८ पासून अभ्यासकांना एकत्र आणले, आणि ‘एक टाइप’सारख्या गटांनी ‘मुक्त’, ‘बलू’ असे मुक्त परवान्याचे फाँट दिले. सुलेखन आणि टाइप यांच्या मधला पुस्तकाच्या पानाचा भाग अजून रिकामा आहे. सांगली, नाशिक, पणजीसारख्या शहरांत दहा शनिवारांचा असा वर्ग निघाला, तर मराठी पुस्तकांचा चेहरा काही वर्षांत बदलेल.

कारकिर्दीवरचा परिणाम प्रमाणपत्रापेक्षा पोर्टफोलिओतून दिसतो. निवड करणारे पंचवीस कामे पाहत नाहीत, तीन-चार पाहतात, आणि त्यांत प्रश्न काय होता, कोणते पर्याय टाकले, वापरून पाहिल्यावर काय बदलले हे शोधतात. म्हणून कच्ची रेखाटने जपून ठेवावी लागतात. नोकरीतले काम अभ्यासासाठी आणताना कंपनीची लेखी परवानगी घेणे आवश्यक असते, कारण ग्राहकाची माहिती आणि अप्रकाशित रचना कराराने बांधलेल्या असतात. ग्राहकाचे नाव आणि आकडे वगळून तोच प्रश्न नव्याने मांडणे हा सुरक्षित मार्ग आहे. मालकाने शुल्काचा वाटा उचलला, तर बदल्यात किती काळ नोकरी सोडता येणार नाही हे वाचूनच सही करावी.

पुढे पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षणाकडे वळायचे असल्यास दारे बंद नाहीत. आयआयटी आणि इतर संस्थांतील एम.डेस.साठीच्या सीड परीक्षेला वयाची अट नाही आणि ती कितीही वेळा देता येते. दहावीनंतरची पाच वर्षांची जी. डी. आर्ट पदविका आणि एक वर्षाचा व्यावसायिक अनुभव असलेले उमेदवारही तिला बसू शकतात. कलापदविका घेऊन वर्षानुवर्षे नोकरी करणाऱ्या महाराष्ट्रातील अनेकांना ही वाट माहीत नसते. एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मुभा दिली. त्यामुळे वेगळ्या विषयाची पदवी चालू असतानाही मान्यताप्राप्त संस्थेत डिझाइनचा अभ्यास करता येतो. अर्धवेळ मिळवलेली क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये साठवून पुढे पदवीसाठी वापरण्याची सोयही झाली आहे, मात्र अभ्यासक्रम देणारी संस्था त्या व्यवस्थेत नोंदलेली आहे का, आणि पुढची संस्था ती क्रेडिट स्वीकारते का, हे दोन्हीकडे विचारूनच प्रवेश घ्यावा लागतो.